आम्हांला रांचीला जायचे आहे

माणूस प्रवासाला का निघतो? आमच्या घरापुरते उत्तर द्यायचे तर चार कारणांसाठी : लग्न, मरण, दवाखाना आणि मजुरी. माझी आई आजवर तीनदा नागपूरला गेली. तिन्ही वेळा नात्यातले कोणीतरी दवाखान्यात भरती होते म्हणून. बाबांनी रायपूर पाहिले ते इमारतीच्या कामावर विटा वाहताना. केवळ आवडते म्हणून आमच्या घरातले कोणी जिल्ह्याबाहेर गेल्याचे मला माहीत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. असा प्रवासही आपणच पहिल्यांदा करावा, असे मी ठरवले आहे. आम्हां चार मैत्रिणींना भारतीय महिला हॉकी संघाचा सामना पाहायला रांचीला जायचे आहे, आणि तेही मोटारीने, रस्त्यारस्त्याने.

हा बेत ज्याने ज्याने ऐकला त्याने एकच प्रश्न विचारला, ‘तिथं जाऊन भेटते काय?’ स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायला साकोलीहून नागपूरला गेले असते तर हा प्रश्न आला नसता. प्रश्न माझ्या एकटीचा नाही, म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमोर मांडते.

हा संघ माझ्या मनात बसला तो २०२१ साली. टोकियो ऑलिंपिक चालू होते. आमच्याकडे रोवणीचे दिवस होते. आई बांधीत आणि मी घरी मोबाईलसमोर. २ ऑगस्टला उपान्त्यपूर्व फेरीत आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले. गोल गुरजित कौरचा, आणि नंतरचा सारा वेळ गोलरक्षक सविता पुनिया भिंतीसारखी उभी! चारच दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून ३-४ अशी हार झाली. चौथा क्रमांक आला. चौथ्याला पदक नसते. पण मला तो संघ मिळाला.

पुढे त्याने हसवले, रडवलेही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रांचीतच आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात जपानला ४-० असे नमवले. तीनही महिने झाले नाहीत तोच, १९ जानेवारी २०२४ ला, त्याच मैदानावर, त्याच जपानकडून ०-१ अशी हार झाली आणि पॅरिस ऑलिंपिकचे दार बंद झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बिहारमधील राजगीरला चीनला १-० असे हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक पुन्हा आपल्याकडे राहिला. जिंकून आलेल्या संघाला हार घालायला गर्दी असतेच. मला हरण्याच्या दिवशीही तिथे असायचे आहे.

आता रस्त्याविषयी. ‘गोंदियाहून गाडीत बसा, राउरकेल्यापर्यंत आरामात जाल, खर्चही निम्मा,’ असा सल्ला आम्हांला मिळाला. सल्ला खरा आहे. परंतु आमच्या साकोलीवरून जो रस्ता पूर्वेकडे जातो, ज्याला म्हातारी माणसे अजून ‘सहा नंबरचा रस्ता’ म्हणतात आणि आता ज्याचा क्रमांक ५३ आहे, त्या रस्त्याने नकाशावर बोट फिरवून पाहा. देवरी ओलांडली की छत्तीसगड लागते आणि पहिले मोठे गाव येते राजनांदगाव. महंत सर्वेश्वरदास यांच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा याच गावात होते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळलेली रेणुका यादव इथलीच. पुढे रायपूर, सराईपाली, संबळपूर. तिथून उत्तरेला वळले की ओडिशाचा सुंदरगढ जिल्हा. भारतासाठी चारशेहून अधिक सामने खेळलेले दिलीप तिर्की याच जिल्ह्यातील सौनामारा गावचे. टोकियोच्या संघातली दीप ग्रेस एक्का लुलकिडीहीची. याच जिल्ह्यात राउरकेला आहे. २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी वीस हजारांवर प्रेक्षक बसतील एवढे बिरसा मुंडा स्टेडियम तिथे उभे राहिले.

राउरकेल्यानंतर झारखंड. पहिला जिल्हा सिमडेगा, तिथल्या बडकीछापर गावची सलीमा टेटे. २०२४ मध्ये ती भारताची कर्णधार झाली. त्या मुलखात गावोगाव हॉकीच्या स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून चक्क बोकड मिळतो. त्या स्पर्धांना नावच आहे ‘खस्सी’. त्यानंतर खुंटी. तिथल्या हेसल गावची निक्की प्रधान. त्याच भागातल्या टकरा गावी जयपाल सिंह मुंडा जन्मले. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवले, तेव्हा संघनायक ते होते. पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारेही तेच. रांचीचे हॉकी मैदान त्यांच्याच नावाचे आहे.

म्हणजे आमच्या दारावरून जाणारा, ट्रकांच्या धुळीचा हा रस्ता हॉकीच्या अंगणातूनच जातो! टोकियोच्या संघातल्या तिघींची गावे या वाटेच्या आसपास आहेत. त्यांच्याही घरी धानच पिकते, त्यांच्याही आया रोवणीलाच वाकतात. झाडाची वाकडी फांदी किंवा बांबू तासून त्यांनी खेळायला सुरुवात केली, हे मी वाचले आहे. ती माती मला मोटारीच्या खिडकीतून तरी पाहायची आहे. ‘मोठी माणसे मोठ्या शहरात होतात’ हे शाळेत न शिकवताही आम्ही शिकलो. ते खोडून काढायला या रस्त्यासारखे पुस्तक नाही.

बेत हवेत नाही. वहीची चार पाने भरली आहेत. जाऊन-येऊन सुमारे सतराशे किलोमीटर. एका मैत्रिणीच्या मामांची जुनी बोलेरो आहे. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर एकशे पंधरा लिटर डिझेल लागेल. मामा गाडी चालवतील, मैत्रिणीची आई सोबत येईल. आमच्या घरच्यांची ती अट होती आणि आम्ही ती आनंदाने मान्य केली, कारण काकूंनीही रांची पाहिलेली नाही. पहाटे चारला निघायचे, पहिला मुक्काम राउरकेल्याला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रांची. तिखट पुऱ्या आणि चिवडा घरून न्यायचा. गंमत अशी की, सामन्याचा खर्च जवळजवळ नाहीच. जानेवारी २०२५ मध्ये रांचीला महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग झाली, तेव्हा प्रवेश विनामूल्य होता. महाग आहे तो रस्ता. म्हणून दिवाळीनंतर धान कापणीला जाऊन प्रत्येकीने आपापला वाटा जमवायला सुरुवात केली आहे. आपला संघ पुन्हा रांचीत खेळणार असे जाहीर झाले की निघायचे.

‘टीव्हीवर दिसते, मग एवढी यातायात कशाला?’ हा दुसरा आक्षेप. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. मैदान मात्र ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. चेंडू एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाची बचावपटू कुठे सरकते, कोण कोणाला हाक मारते, चेंडू मिळणार नाही हे ठाऊक असूनही कोण जीव तोडून धावते, हे पडद्यावर येत नाही. आणि खेळणाऱ्या मुलीला पडद्यापलीकडची टाळी ऐकू जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ‘पाहायला जाणे’ ही चैन आहे, ती शिकलेल्या पोरींची नवी खुळे आहेत, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझा नम्र प्रश्न आहे : शंकरपट कोणी पाहिले? आमच्या भंडारा-गोंदियाकडे पटासाठी लोक बैलगाड्या जुंपून, भाकरी बांधून, वीस-वीस कोस गेलेले आहेत. कोणाची जोडी किती वेगाने पळाली याच्या गोष्टी आजोबा मरेपर्यंत सांगत. पटाच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक उजाडेपर्यंत चालते आणि ते पाहायला गावेच्या गावे लोटतात. आजोबांना कोणी विचारले का, ‘तिथं जाऊन भेटते काय?’ नाही विचारले. कारण आपल्या आवडीचे काही पाहायला दूर जाणे हा माणसाचा हक्क आहे, हे आमच्या मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फक्त तो हक्क पुरुषांच्या नावावर लिहिलेला होता. बायकांनी त्या दिवशी भाकरी बांधून द्यायची, एवढाच त्यांचा वाटा!

म्हणून मी असे म्हणते की, आमचा बेत नवा नाही, जुनाच आहे. बदल एवढाच की, गाडीत बसणाऱ्या मुली आहेत आणि मैदानावर धावणाऱ्याही मुली आहेत.

आपल्या महाविद्यालयाची सहल दरवर्षी निघते. लेणी, किल्ले, धरणे पाहून होतात. त्याला ‘शैक्षणिक’ म्हणतात आणि ते योग्यच आहे. त्या यादीत एखाद्या वर्षी एक हॉकीचा सामनाही बसावा, अशी प्राचार्यांना व जिमखाना विभागाला माझी विनंती आहे. आपल्या महाराष्ट्राच्याही मुली या खेळात पुढे आहेत. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याच्या आसू गावची वैष्णवी फाळके भारतीय संघातून खेळली आहे. तिची चुरस आपल्या मुलींनी डोळ्यांनी पाहिली, तर पुढच्या वर्षी मैदानावर स्टिक घेऊन उतरणाऱ्यांची संख्या नक्की वाढेल.

आणि समजा, नाहीच वाढली. समजा, कोणतीही नोकरी, कोणतेही प्रमाणपत्र, कोणताही गुण या प्रवासातून मिळाला नाही. तरी मला जायचे आहे. आई आजवर जिथे जिथे गेली, तिथे तिला जावे लागले. मी तिला सांगितले आहे की, बोलेरोत सात जागा आहेत आणि आम्ही सहाच जण आहोत. तिने अजून ‘हो’ म्हटलेले नाही. पण परवा चुलीपुढे बसल्या बसल्या तिने मला विचारले, ‘रांचीले थंडी राह्यते काय व?’