गाडी नावावर झाली, विमा झाला का?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि हुमणीविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे. पण सभासदाच्या घामाच्या पैशाशी त्याचा संबंध आहे, आणि त्यात दोष आमचाही आहे, म्हणून लिहिणे भाग पडले.

आमच्या गटातल्या एका सभासदाने उसाचे बिल हाती आल्यावर पनवेलहून जुनी मोटार घेतली. नंबर एम. एच. ४६, म्हणजे पनवेल आर. टी. ओ. चाच. आपल्या भागातली पुष्कळ पोरं कामधंद्यासाठी कळंबोली-कामोठ्याला असतात, त्यांच्याच ओळखीने सौदा झाला. फॉर्म २९ आणि ३० भरून आर. सी. बुक रीतसर सभासदाच्या नावावर झाले. विम्याची मुदत अजून आठ महिने होती. त्यांनी विचारले, "साहेब, विम्याचं काय करायचं?" आम्ही छातीठोकपणे सांगितले, "चालू आहे की अजून. संपला की बघू."

पुढे जूनमध्ये त्यांच्या भाच्याच्या साखरपुड्याला आम्ही सगळे कामोठ्याला निघालो. पळस्पे फाट्यावर, जिथे गोव्याचा रस्ता फुटतो तिथे, भर पावसात पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला आणि आमची गाडी त्याच्या पाठीवर जाऊन आदळली. ट्रकला ओरखडाही नाही. आमचा मात्र बंपर, बॉनेट, एक दिवा आणि रेडिएटर गेला. माणसं सुखरूप.

तिथे जे करायचे ते सगळे बरोबर केले. ट्रकच्या नंबरासह फोटो काढले, उभ्या जागेवरून कंपनीला फोन केला. बरोबरचे पाहुणे म्हणत होते, "इंजिन चालू होतंय, आता थोडंच राहिलं, हळूहळू चला." आम्ही नको म्हटले. फुटक्या रेडिएटरवर गाडी हाकून इंजिन जाम झाले तर ते नुकसान विम्यात धरत नाहीत. टोचन करून गाडी गॅरेजला नेली आणि सर्व्हेअर येईपर्यंत एक नटही सोडू दिला नाही.

सर्व्हेअर आले, नुकसान पाहिले, कागद मागितले. आर. सी. वर एक नाव, पॉलिसीवर दुसरे! पंधरा दिवसांनी नकाराचे पत्र आले. ३८,००० रुपयांचे बिल उसाच्या हप्त्यातून भरावे लागले. सभासद आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागले.

आम्ही तावातावाने एका ओळखीच्या वकीलसाहेबांकडे गेलो. गाडी तीच, हप्ता भरलेला, मग नकार कशाचा? त्यांनी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १५७ काढून दाखवले. गाडी विकली की समोरच्याच्या नुकसानीचा विमा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात, तो नव्या मालकाकडे आपोआप जातो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जात नाही. 'कम्प्लीट इन्शुलेशन्स'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच हे स्पष्ट केले आहे. स्वतःच्या गाडीचा विमा हा कंपनी आणि पॉलिसीवरचे नाव यांच्यातला करार आहे. नव्या मालकाने गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीकडे लेखी अर्ज करायचा, जुन्या मालकाची संमती जोडायची, म्हणजे नाव बदलून मिळते.

ऐकून आमचे आम्हालाच हसू आले. जमीन विकली, सात-बारा बदलला, पण कारखान्याकडे उसाची नोंद जुन्याच नावावर राहिली, तर तोडणीच्या वेळी आम्हीच नाही का नियम सांगत? आर. टी. ओ. चे दप्तर वेगळे, विमा कंपनीचे वेगळे. एकीकडचा बदल दुसरीकडे आपोआप चढत नाही.

आणखी एक. 'नो क्लेम बोनस' हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या मालकाला ५० टक्के सूट होती म्हणून ती आपल्याला मिळत नाही, नाव बदलताना तेवढा फरक भरावा लागतो. आणि बोनस स्वतःचा असेल तर किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करूच नये, असे आमचे मत. समजा स्वतःच्या गाडीच्या भागाचा हप्ता मूळ ८,००० आहे आणि तुम्ही ५० टक्के सुटीने ४,००० भरता. क्लेम केला की सूट शून्यावर, म्हणजे पुढच्याच वर्षी ४,००० जादा. बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागाची किंमत ठरलेल्या नियमाने निम्मीच धरतात, वर १,००० रुपये आपल्या अंगावर. पाच-सहा हजारांच्या कामाला हा सौदा परवडत नाही. आमचे ३८,००० मात्र मागण्यासारखे होते.

कंपन्यांनाही आमचे सांगणे आहे. नाव बदलण्याची ही अट पॉलिसीच्या पहिल्या पानावर, ठळक मराठीत छापायला काय हरकत आहे? बारीक इंग्रजी वाचून कोण गाडी घेतो? ते होईल तेव्हा होईल. वाहतुकीच्या करारावेळी आपण ट्रॅक्टरचे कागद पाहतोच. यंदा त्याच वेळी ज्यांनी जुनी मोटार, जीप किंवा मोटारसायकल घेतली असेल, त्यांनी आर. सी. आणि पॉलिसी दोन्ही घेऊन गट ऑफिसला यावे. आम्ही बाजारच्या दिवशी दुपारी बारापर्यंत असतो. अर्जाचा मराठी नमुना तयार ठेवला आहे.

— ऊस विकास अधिकारी