रविवारी वसूल होणारी थकबाकी

रविवारी पहाटे पाचच्या सुमारास मुंबईचा मरीन ड्राइव्ह, पुण्यातला विद्यापीठ रस्ता किंवा कोल्हापुरातला रंकाळा, कुठेही हौशी धावपटूंचे जथे दिसतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबईची २००४ पासून सुरू आहे. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून जाणारी हाफ मॅरेथॉन आहे, आणि आता जवळपास प्रत्येक मोठ्या शहराची आपापली शर्यत आहे. नोकरी-संसार सांभाळून चाळिशीत धावायला लागलेली माणसे २१ किंवा ४२ किलोमीटर पूर्ण करतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र जानेवारीतला मुंबई मॅरेथॉनचा तिसरा रविवार जवळ येऊ लागला, की धावणाऱ्यांच्या ग्रुपवर दुसराच विषय रंगतो. कुणाची नडगी धरलेली असते, कुणाची टाच सकाळी जमिनीवर टेकवत नाही, कुणाचा गुडघा जिना उतरताना बोलतो. मग दोष कधी बुटांना दिला जातो, कधी वयाला, कधी सिमेंटच्या रस्त्याला.

खरे कारण बहुतेक वेळा आठवड्याच्या वेळापत्रकात सापडते. ठाण्या-डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करणारा एखादा धावपटू डोळ्यांसमोर आणावा. मंगळवारी आठ किलोमीटर ठरलेले असतात, पण मीटिंग लांबते. गुरुवारी लोकल उशिरा येते, शनिवारी घरचे लग्न असते. आठवडाभराचे पंचवीस किलोमीटर कागदावरच राहतात. मग रविवारी ग्रुपसोबत एकदम अठरा किंवा एकवीस किलोमीटर धावून ती थकबाकी वसूल केली जाते. मोबाइलवर आठवड्याची बेरीज नीट जुळते आणि धावणाऱ्याला समाधान मिळते. दुखापतीची सुरुवात नेमकी याच समाधानात असते.

धावण्याच्या जगात ‘दहा टक्क्यांचा नियम’ वर्षानुवर्षे सांगितला जातो: आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. नियम सोपा आणि सावधगिरीचा आहे, पण अभ्यासात तो फारसा टिकला नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ५३२ नवोदित धावपटूंवर झालेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला या नियमाने बेतलेला १३ आठवड्यांचा सावकाश कार्यक्रम दिला होता, दुसऱ्याला ८ आठवड्यांचा नेहमीचा. दोन्ही गटांत दुखापत झालेल्यांचे प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे पाचांत एक असे निघाले.

मग चूक नेमकी कुठे होते? डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या प्रश्नाची दिशा बदलली. त्यांनी ५,२०५ धावपटूंच्या घड्याळांमधील नोंदी दीड वर्ष तपासल्या. या काळात सुमारे ३५ टक्के जणांना दुखापत झाली. आठवड्याच्या बेरजेत अचानक झालेली वाढ पाहून ही दुखापत ओळखता आली नाही. एकाच दिवशी केलेली झेप पाहिल्यावर मात्र संबंध स्पष्ट दिसला. मागच्या तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवसाची धाव १० ते ३० टक्क्यांनी अधिक झाली, तर दुखापतीचा दर सुमारे ६४ टक्क्यांनी वाढलेला होता. ती दुपटीहून अधिक झाली, तर वाढ १२८ टक्के होती.

हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. धावपटूंनी दुखापती स्वतःच कळवलेल्या आहेत आणि त्यांत पुरुषांची संख्या बरीच जास्त आहे. त्यामुळे त्यातले आकडे दगडावरची रेघ मानण्याचे कारण नाही. तरीही त्यातली शिकवण रविवारच्या ग्रुपांना थेट लागू पडते. दिवाळीच्या सुट्टीमुळे ज्याची महिन्याभरातली सर्वांत लांब धाव आठ किलोमीटरची राहिली, तो ग्रुपच्या आग्रहाखातर एकवीस किलोमीटर धावला, तर त्याने अडीचपटीहून मोठी उडी घेतलेली असते. उन्हाळ्यात त्याने हेच अंतर हसत-खेळत पार केले होते, या गोष्टीचा त्या दिवशी उपयोग नसतो.

दम आणि हाडे वेगवेगळ्या गतीने तयार होतात, हे यामागचे शरीरशास्त्र आहे. नियमित धावायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. पूर्वी पाच किलोमीटरला लागणारी धाप आठला लागत नाही. धावणाऱ्याला वाटते, शरीर तयार झाले. हाडांचे काम मात्र सावकाश चालते. वाढीव भार आला की हाड आधी आपला थकलेला भाग कुरतडून काढते आणि मग तिथे नवे हाड भरते. कुरतडणे काही आठवड्यांत उरकते, भरण्याला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ती जागा उलट कच्ची असते. रस्ता खणून ठेवलेला असताना त्यावरून मालट्रक नेण्यासारखा हा प्रकार आहे. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्याही हळूच बळकट होतात. म्हणून ‘दम आहे, तोवर धावू’ हा हिशेब फसवा ठरतो.

घरातली वडीलधारी मंडळी ‘गुडघे जातील’ म्हणून बजावतात, त्याचेही उत्तर इथेच आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेल्या आढाव्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के आढळले, तर न धावणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. वजन आटोक्यात असणारी माणसेच धावायला उतरतात, हेही यामागे असू शकते. पण माफक धावल्याने गुडघे झिजतात या समजाला त्यातून आधार मिळत नाही. गुडघे बिघडवणारी गोष्ट म्हणून धावण्याकडे पाहण्यापेक्षा, अचानक अंतर वाढवण्याकडे पाहिले पाहिजे.

या नियमाने मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनचा हिशेब मांडला, तर कॅलेंडरच बोलू लागते. तयारीतील सर्वांत लांब धाव तीस किलोमीटरची धरली आणि शर्यतीआधीचे तीन आठवडे भार कमी करण्यासाठी राखले, तर ती धाव डिसेंबरअखेर व्हायला हवी. दर वेळी दहा टक्के वाढवत दहा किलोमीटरवरून तीसवर पोहोचायला बारा पायऱ्या लागतात. दर चौथा आठवडा हलका ठेवला, तर सोळा आठवडे होतात. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, गणपतीच्या दिवसांत, दहा किलोमीटर सहज जमायला हवेत. दसऱ्याला नवे बूट घेऊन दिवाळीनंतर तयारीला लागणाऱ्याने त्या वर्षी हाफ किंवा दहा किलोमीटर धावावे आणि पूर्ण मॅरेथॉन पुढच्या वर्षावर टाकावी. यात मागे पडणे काही नाही.

दुखणे सुरू झालेच, तर दोन टोके टाळायला हवीत. एक म्हणजे दुखऱ्या पायावर रेटून धावणे, दुसरे म्हणजे महिनाभर पाय अजिबात न हलवणे. दहापैकी दोन-तीन गुणांइतके, धावताना न वाढणारे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत होणारे दुखणे असेल, तर अंतर कमी करून सावकाश धावता येते. चालण्याची ढब बदलत असेल, लंगडावे लागत असेल, तर थांबायलाच हवे. टाचेमागची कंडरा दुखत असेल, तर नुसत्या विश्रांतीने ती बळकट होत नाही. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली टाचा उचलण्याचे व्यायाम हळूहळू वाढवत न्यावे लागतात. नडगीवर किंवा पायाच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे अनेकदा स्वच्छ दिसतो. तो दिसला म्हणून पुन्हा धावायला लागणे धोक्याचे आहे, कधी एमआरआय करावा लागतो. धावणाऱ्या स्त्रीची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर खाणे कमी पडत असल्याचा आणि हाडे कमकुवत होत असल्याचा तो इशारा असू शकतो. छातीत दुखणे, भोवळ येणे याला तर तिथेच थांबण्याशिवाय पर्याय नाही.

शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची सवय विशेष घातक आहे. अशा गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात आणि घामाने शरीर कोरडे पडलेले असताना तो ताण दुप्पट होतो. ८० किलोमीटर धावणाऱ्या ८९ जणांवरील एका प्रयोगात आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के जणांत, तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के जणांत मूत्रपिंडावर ताण आल्याच्या खुणा आढळल्या. प्रयोग लहान होता, तरी दिशा काळजीची आहे. शिवाय गोळीने दुखणे बरे होत नाही, थांबण्याची सूचना तेवढी दाबली जाते.

हे सगळे एकट्या धावपटूवर सोडून देणे मात्र अन्यायाचे ठरेल. ग्रुप नसता, तर अनेकजण पहाटे उठलेच नसते, हे खरे. पण तोच ग्रुप ‘एकवीस न केलेला’ अशी थट्टाही करतो. रविवारच्या तुकड्या वेगानुसार पाडल्या जातात. त्या पाडताना प्रशिक्षकाने प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यातली तुझी सर्वांत लांब धाव किती? उत्तर दहा असेल, तर त्या सकाळी त्याने अकराला वळून परत यावे आणि त्यात कुणाला वावगे वाटू नये. आयोजकांचीही जबाबदारी आहे. नोंदणी कित्येक महिने आधी होते आणि भरलेले शुल्क सहसा परत मिळत नाही. मग ‘पैसे भरलेत’ म्हणून दुखऱ्या पायाने माणूस आरंभरेषेवर उभा राहतो. वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला आपली जागा पुढच्या वर्षी वापरण्याची किंवा लहान अंतरात बदलून घेण्याची मुभा सगळीकडे सहज मिळायला हवी. शर्यतीच्या दिवशी रुग्णवाहिका उभ्या करणे जितके आवश्यक, तितकीच ही सोयही.

आठवड्यात बुडालेले किलोमीटर बुडाले, असे मानण्यात नुकसान काहीच नाही. मंगळवारची धाव चुकली, तर रविवारी ठरलेले तेवढेच धावावे आणि घरी येऊन पोहे खावेत. शर्यत दर जानेवारीला येते. नडगीचे हाड एकदा तडकले, की पुढचे कित्येक रविवार घरी बसून दुसऱ्यांचे फोटो पाहण्यात जातात.