बक्षीस कुणाला? गुणगौरवाच्या गर्दीत वीटभट्टीवरची पोरं कुठंच नाहीत

दहावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत फ्लेक्स झळकायला वेळ लागत नाही. गडकरी रंगायतन असो, अत्रे रंगमंदिर असो की डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर, गुणगौरव समारंभांची रांगच लागते. नव्वद टक्क्यांच्या वरच्यांना ट्रॉफी, शाल, सॅक. फ्लेक्सवर पोरांचे फोटो तिकिटाएवढे आणि साहेबांचा फोटो हातभर, ही गोष्ट वेगळी. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी बंद करून बरीच वर्षं झाली. समारंभवाल्यांनी मात्र ती आपापल्या वॉर्डात चालूच ठेवलीय.

मुरबाड, शहापूरच्या गावांतही हे लोण वेगळ्या रूपात आहेच. २६ जानेवारीला झेडपीच्या शाळेत झेंडावंदन झालं की बक्षिसं वाटतात. पहिल्या तिघांना कंपास, वह्या. भाषण चांगलं झालं तर गावातला कुणीतरी उठून पन्नासची नोट देतो. यात वाईट काही नाही. पोराच्या पाठीवर गावाने थाप मारली तर त्याला ती आयुष्यभर आठवते. पण दरवर्षी उठतात ती तीच तीन पोरं. ज्याच्या घरी शिकवायला कुणी आहे, ज्याची आई रात्री अभ्यास घेते, त्याचा नंबर बक्षीस नसतं तरी आलाच असता. मग हे बक्षीस नेमकं कशासाठी?

बक्षिसाने पोरं शिकतात का, हे अमेरिकेत पैसे मोजून तपासलं गेलंय. रोलंड फ्रायर नावाच्या अर्थतज्ज्ञाने काही शहरांत मुलांना चक्क रोख रक्कम दिली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या मार्कांवर पैसे दिले, फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून त्यावरचे प्रश्न सोडवले की दोन डॉलर दिले, तिथे मुलांचं वाचन सुधारलं. कारण सरळ आहे. ‘पुस्तक वाच’ म्हटलं तर पोराला काय करायचं ते कळतं. ‘मार्क वाढव’ म्हटलं तर हौस असूनही कसे वाढवायचे ते कळत नाही. म्हणजे जे पोराच्या हातात आहे त्यावर बक्षीस लावलं तर ते लागू पडतं.

तर मग हजेरीवर बक्षीस द्यावं, असं कुणीही म्हणेल. शाळेत येणं तर हातातलंच आहे ना! इथेच ठाणे जिल्ह्याचं दुखणं सुरू होतं.

महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्ये सावित्रीबाईंच्या जयंतीचं निमित्त धरून उपस्थिती भत्ता सुरू केला. पहिली ते चौथीतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या दुर्बल घटकांतील मुलींना शाळेत आलेल्या दिवसाला एक रुपया. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये, आणि हजेरी ७५ टक्के पाहिजे. त्या काळी रोजंदारीवरच्या घराला हा रुपया जाणवायचा. पुढे तीस वर्षं उलटली तरी तो रुपयाच राहिला. आज रुपयात दुकानात एक गोळी मिळते.

पण रकमेपेक्षाही अट जास्त बोचते. शाळेचे दिवस २२० धरले तर ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस. शहापूर, मुरबाडच्या वाड्या-पाड्यांतली कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. कुणी भिवंडी, कल्याणकडे, कुणी पार रायगडात. पाऊस तोंडावर आला की परत. जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शाळेचे दिवस भरतात शंभरच्या आसपास. म्हणजे त्या घरातली मुलगी पावसाळ्यात चिखल तुडवत एकही दिवस न चुकवता आली, तरी १६५ च्या जवळपासही पोचत नाही. तिने काही चुकवलं नाही, तरी रजिस्टरमध्ये ती ‘अनियमित’ ठरते. शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र गावातच राहणाऱ्याच्या पोराला मिळतं. ज्या पोरीला शाळेत टिकवायचं म्हणून हे सगळं सुरू झालं, तीच अटीत बसत नाही.

यावर उपाय म्हणून शिक्षण हमी कार्ड आणलं गेलं. पोरगी जिथे जाईल तिथल्या शाळेने ते बघून तिला बसवून घ्यायचं. पण कार्ड हातात असून भागत नाही. भट्टी असते शेतात, शाळा असते दोन-तीन किलोमीटरवर. सकाळी आई-बाप चिखल मळायला गेले की धाकट्याला सांभाळायला मोठी बहीणच घरी लागते.

सगळीच बक्षिसं फुकट जातात असंही नाही. आठवीत एनएमएमएस परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात, तेही साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्याच मुलांना. अशा घरात त्या पैशांवर पोराचं पुढचं शिक्षण निघतं, ट्रॉफीसारखे ते कपाटात पडून राहत नाहीत. पण त्या परीक्षेला बसायला आधी आठवीपर्यंत तरी पोचावं लागतं.

झेडपीच्या शाळेत बक्षीस कशाला द्यायचं हे मंत्रालयातून ठरत नाही. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात. हजेरीचं बक्षीस मोजताना पोरगी गावात होती तेवढेच दिवस धरायचे, एवढा ठराव समितीच्या एका बैठकीत होऊ शकतो. भट्टीवरच्या शाळेत काढलेले दिवसही त्यात मिळवायचे. पहिल्या तिघांबरोबरच जूनमध्ये अक्षर न येणारा आणि दिवाळीपर्यंत धडा वाचायला लागलेला पोरगाही उठवायचा. गुरुजींना ती नावं तोंडपाठ असतात. फक्त हे बक्षीस दिवाळीच्या सुट्टीआधी वाटावं लागेल. २६ जानेवारीला झेंडा वर जातो तेव्हा त्यातली निम्मी पोरं भट्टीवर असतात.