ओरखड्याला घाबरायचं कशाला?

बाईच्या स्कूटरवर ओरखडा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘कुठे धडकवलीस?’ पुरुषाच्या गाडीला तसाच ओरखडा असेल तर दोष रिक्षावाल्याचा! आम्ही बोरिवलीला राहतो. सोसायटीच्या चिंचोळ्या जागेत गाड्या अगदी खेटून लावलेल्या असतात. उभ्या गाडीलाही शेजारच्या गाडीचं हँडल घासून जातं. ऐकून घ्यावं लागतं ते मात्र आपल्यालाच.

1980 च्या दशकात कायनेटिक होंडा आली, मग स्कूटी, 2001 मध्ये अ‍ॅक्टिव्हा. बिनगिअरच्या या गाड्यांनी कितीतरी जणींना स्टेशनपर्यंत, बाजारापर्यंत कुणाची वाट न बघता जायला शिकवलं. पण टोमण्यांना कंटाळून घरच्यांच्या हाती किल्ली देऊन पुन्हा रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकाही मी पाहिल्या आहेत. म्हणून मला वाटतं, गाडी चालवायला शिकलो, तसं तिचा ओरखडा बुजवायलाही शिकावं.

काम अवघड नाही, सावकाशीचं आहे. जागा साबणाने धुवून कोरडी करा. बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओरखड्याच्या कडा घासा. बोट फिरवलं तर उंचवटा लागता कामा नये. पत्रा उघडा पडला असेल तर गंज पूर्ण काढून आधी प्रायमर मारा. गंजावरच रंग मारला तर आतून फोड येतात. प्लास्टिकच्या भागाचा प्रायमर वेगळा मिळतो. भोवती मास्किंग टेप आणि रद्दी लावा. स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवा, रद्दीवर मारून बघा. मग वीतभर अंतरावरून, हात सरकता ठेवून पातळ थर द्या. नेलपॉलिश जाड लावलं की कसं गोळा होतं, ठाऊक आहे ना? तसाच इथे ओघळ येतो. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. शेवटी वरून पारदर्शक लॅकर.

हे मे महिन्यातच उरकावं. पावसाळ्याच्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. डब्यातला वायू पेट घेतो, तेव्हा गॅस, समई, उदबत्ती यांच्याजवळ नको. मोकळ्या जागी, चांगला मास्क लावून काम करा. तोंडावर बांधलेली ओढणी पुरत नाही.

रंग शंभर टक्के जुळणार नाही. जुनी गाडी उन्हाने उतरलेली असते. चालायचंच! त्याच रंगाने डाग बुजवायला कुणाची परवानगी लागत नाही, मात्र गाडीचा रंगच बदलायचा तर आरटीओत नोंद हवी. चेपलेला पत्रा, ब्रेक किंवा चासिसचा गंज मात्र मेकॅनिककडेच न्यावा.

तुमच्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात डबा मागितलात तर दुकानदार कदाचित म्हणेल, ‘ताई, मिस्टरांना पाठवा.’ तुम्ही रंगाचं नेमकं नाव सांगा, पैसे द्या आणि डबा घेऊन या. ओरखडे पडतील, बुजतील. पण मैत्रिणींनो, त्यापायी किल्ली सोडू नका.