उनाडपणाची परवानगी

'उनाड' हा शब्द मुलाला लावला तर त्यात थोडी तक्रार आणि बरेचसे कौतुक असते. 'फार उनाड आहे हो आमचा', असे म्हणणाऱ्या आईच्या स्वरात कुठेतरी अभिमान दडलेला असतो. हाच शब्द मुलीला लावला की कौतुक गळून पडते आणि तक्रार तेवढी उरते. भटकणाऱ्या मुलाला आपण 'भटक्या' म्हणतो आणि त्याची प्रवासवर्णने आवडीने वाचतो. भटकणाऱ्या मुलीसाठी आपल्याकडे 'भटकभवानी' आहे, आणि त्याला पुल्लिंगी प्रतिशब्द नाही. स्केटबोर्डवर दिसू लागलेल्या मुलींविषयी लिहावे असे ठरवले, तेव्हा आम्हांला प्रथम हे शब्द आठवले.

तशा बातम्या आनंदाच्याच आहेत. ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला तो टोकियोत, २०२१ साली. तेथे स्त्रियांच्या 'स्ट्रीट' प्रकारात पदके घेणाऱ्या तिघींपैकी मोमिजी निशिया आणि राइसा लेआल तेरा वर्षांच्या होत्या, तर फुना नाकायामा सोळांची. २०२४ साली पॅरिसमध्ये त्याच प्रकाराचे सुवर्णपदक चौदा वर्षांच्या कोको योशिझावाने नेले. आपल्याकडे २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक मिळवले. तिचे वडील सुरक्षारक्षक आहेत, ही गोष्ट वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. श्रद्धाचे यश निखळ आहे आणि तिच्या कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. पण अशा बातम्या वाचून पालक जो निष्कर्ष काढतात, तो आम्हांला खटकतो. पदक मिळणार असेल तर पोरीने फळीवर उभे राहायला हरकत नाही, असा तो निष्कर्ष. म्हणजे पदक हा तिच्या बाहेर असण्याचा दाखला झाला. ज्या मुलीला पदक मिळणार नाही, मिळवायचेही नाही, तिने काय करावे?

हा खेळ मुळात दाखले मागणारा नव्हे. १९७६-७७च्या सुमारास कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घराघरांतले पोहण्याचे तलाव कोरडे पडले, आणि कुंपणावरून उड्या टाकून आत शिरलेल्या पोरांनी त्यांच्या गोलाकार भिंतींवर बोर्ड चढवले. आज ज्याला 'पार्क' म्हणतात त्या प्रकाराची घडण त्या रिकाम्या तलावांनी केली. दुसऱ्याची पडून असलेली जागा, हाताशी असलेला रिकामा वेळ आणि कुणाच्याही परवानगीची वाट न पाहण्याची वृत्ती, एवढेच त्याचे भांडवल होते. त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या संघात पेगी ओकी नावाची एकच मुलगी होती. १९७५च्या डेल मार येथील स्पर्धेत ती जिंकलीही. तरी तो संघ इतिहासात ओळखला जातो तो 'झेड-बॉइज' याच नावाने! मुलगी हजर असूनही नावात मावली नाही, हे आपल्याला परके वाटू नये.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. मुंबईच्या उपनगरांतली स्त्री घराबाहेर पडलेली नाही, असे कोण म्हणेल? चर्चगेट-बोरिवली मार्गावर 'लेडीज स्पेशल' १९९२ साली सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून ती डब्याला लटकून कामावर जात होती. पण तिचे हे बाहेर असणे नेहमी कुठून तरी कुठे तरी जाणे असते. कचेरी, कॉलेज, क्लास, बाजार, माहेर. पुण्यातल्या मुलींची सायकल आणि आजच्या मुलींची स्कूटर यांना समाजाने मान्यता दिली ती याच कारणाने. त्या कुठेतरी पोहोचवतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हाय लॉइटर?' या मुंबईविषयीच्या पुस्तकात हेच नेमके दाखवले आहे. सार्वजनिक जागेत स्त्रीला काही तरी प्रयोजन घेऊनच वावरावे लागते. निष्प्रयोजन रेंगाळण्याची मुभा तिला नाही. नाक्यावर आणि कट्ट्यावर तासन्‌तास बसलेले कोण असते, हे अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो.

स्केटबोर्ड कुठेच पोहोचवत नाही. एकच उडी साधण्यासाठी त्याच दहा पावलांच्या जागेत शंभर वेळा जायचे, शंभर वेळा पडायचे, मध्येच कठड्यावर बसून दुसऱ्याचे पडणे पाहायचे. या खेळाचा मोठा भाग म्हणजे बसून राहणेच आहे. शिकणे होते ते त्या बसण्यातच. म्हणून मुलीच्या हाती बोर्ड येणे ही सायकलीच्या पुढची पायरी आहे असे आम्ही मानतो. येथे तिला 'कुठे चाललीस?' या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही.

शिवाय जागेचा प्रश्न आहेच. बोर्डाची चाके लहान आणि टणक असतात. आपल्या पदपथांवरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती अडकतात आणि स्वार पुढे फेकला जातो. पावसाचे चार महिने लाकूड फुगते, बेअरिंग गंजते. राहता राहिले सोसायटीचे आवार, तर तेथे मोटारी उभ्या असतात. आमच्यापैकी एकजण मुलुंडला राहते. तिच्या इमारतीत एक बारा-तेरा वर्षांची मुलगी मोटारींमधल्या गुळगुळीत पट्ट्यावर संध्याकाळी बोर्ड चालवीत असे. आवाजाची तक्रार झाली, फलक लागला, मुलांचे क्रिकेट थोडे दिवस थांबून मागच्या रस्त्यावर पुन्हा सुरू झाले. ती मुलगी मात्र मागच्या रस्त्यावर गेली नाही. ती घरात गेली. फलक दोघांनाही सारखाच लागू होता. हुसकावल्यानंतर जायला दुसरा कोपरा मात्र एकालाच होता.

खार-वांद्र्याच्या बाजूला, कार्टर रोडवर स्केटपार्क आहे, असे कोणी सांगेल. आहे, आणि तो असावाच. पण घाटकोपरच्या मुलीने गर्दीच्या डब्यात काखोटीला बोर्ड मारून, गाडी बदलून तेथवर जायचे, तर ते पुन्हा 'क्लासला जाणे' झाले. उनाडपणा घराजवळच लागतो.

आईबापांच्या काळजीला आम्ही हसत नाही. मनगट मोडते, दात पडतो, आणि अंधार पडल्यावर रस्ता मुलीला आणि मुलाला सारखा नसतो. बोर्ड स्वस्त नाही, आणि ज्या घरांत संध्याकाळचे पाणी भरणे आणि धाकटे भावंड सांभाळणे मुलीकडे असते, तेथे रिकामा वेळ हीच पहिली चैन आहे, हेही आम्हांला मान्य आहे. पण या साऱ्याचे उत्तर मुलीला आत घेणे हे नसून, बाहेर तिच्यासारख्या पुष्कळजणी असणे हे आहे. एकटी मुलगी नजरेत भरते. वीसजणी असल्या की बघणाऱ्याचीच नजर खाली वळते.

ते कसे घडते याचे उदाहरण शहरात नव्हे, खेड्यात सापडले. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या गावी उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५च्या सुमारास एक स्केटपार्क उभा केला. नियम दोनच ठेवले: शाळा नाही तर बोर्ड नाही, आणि मुली आधी. त्या गावची आशा गोंड २०१८ साली चीनमधील नानजिंगच्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेली, हे सर्वांना सांगितले जाते. आम्हांला मात्र ज्या मुली कुठेही गेल्या नाहीत, गावातच राहून रोज खेळल्या, त्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. 'मुली आधी' हा नियम त्यांच्यासाठी होता.

अंधेरीला आणि मुलुंडला महापालिकेची क्रीडासंकुले आहेत, ठिकठिकाणी उद्याने आहेत, उड्डाणपुलांखाली पडून असलेल्या जागा आहेत. गुळगुळीत काँक्रीटचा एक तुकडा, एकदोन उतार, बसायला कठडा आणि जवळ एक स्वच्छतागृह, इतकेच मागणे आहे. तरणतलावाच्या मानाने हा खर्च किरकोळ ठरावा. त्यावर प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि पदकांचे लक्ष्य लादू नये. नियम एकच असावा, जनवारचा.

तेथे येणाऱ्या शंभर मुलींपैकी एखादी उद्या ऑलिंपिकला गेली तर आम्ही टाळ्या वाजवू. उरलेल्या नव्याण्णव नुसत्या खेळतील, पडतील, कठड्यावर बसून गप्पा मारतील आणि दिवेलागणीनंतर ढोपरे खरचटून घरी येतील. त्यांच्यापैकी एखादीच्या आईने शेजारणीला 'फार उनाड आहे हो आमची' असे सांगावे, आणि सांगताना तिच्या स्वरात तोच जुना अभिमान असावा.