शिरोडकरची गोष्ट कोण सांगणार?

'यंदा पन्नास पुस्तकं!' असं चॅलेंज घेणारे जानेवारीत ढिगाने भेटतात. पण त्यातले बरेच जण वाचतात काय? हॅरी पॉटर आवडला म्हणून तसलीच आणखी दहा. आकडा फुगतो, आवड तिथेच.

त्यापेक्षा एव्हरशाईन सिटीतून रोज वसई रोड आणि पुढे चर्चगेट गाठणाऱ्यांनो, महिन्याला एकच किशोर कादंबरी घ्या. मात्र दर महिन्याला एक अट! जानेवारीची माझी अट: हिरो मुलगा नको.

करून बघा, शेल्फ झपाट्याने रिकामं होतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बाद. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला (१९९४) लंपन बाद. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'तला (२००४) मुकुंदही बाद. तिघेही लाडके, प्रश्नच नाही. पण शिरोडकर आपल्याला दिसते ती मुकुंदच्याच डोळ्यांनी. तिच्या मनात काय चाललं होतं, कुणाला ठाऊक?

मग हात आपोआप दुसरीकडे जातो. सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'मधली (२००८) कॅटनिस स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. अँजी थॉमसच्या 'द हेट यू गिव'मधली (२०१७) सोळा वर्षांची स्टारही. मित्राला पोलिसाची गोळी लागताना तिने पाहिलंय; आता बोलायचं की गप्प बसायचं? हे वाचताना बोरिवली कधी गेलं कळत नाही.

फेब्रुवारीची अट तुम्ही ठरवा. मार्चमध्ये मात्र मराठीच, आणि सांगणारी मुलगीच हवी. सापडलं तर सांगा राव, विरार लोकलमध्ये मी उभीच असते!