‘अल्पशा आजारा’ने झाकलेले मृत्यू

वृत्तपत्रांतील निधनवार्तांत ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द मराठी वाचकाच्या इतक्या परिचयाचे आहेत की, त्यांचा अर्थ विचारावा असे कोणास वाटत नाही. वृद्धांच्या बाबतीत ते बहुधा खरेही असतात. परंतु पंचविशीतला मुलगा याच शब्दांनी निरोप घेतो, तेव्हा शेजारीपाजारी समजावयाचे ते समजतात आणि विषय बदलतात. अमेरिकेतील मृत्युलेखांतही ‘राहत्या घरी, अकस्मात’ अशा शब्दांचा आडोसा दीर्घकाळ रूढ होता. मादक द्रव्यांनी मेलेल्याचा शोक चारचौघांत करावयाचा नाही, हा संकेत दोन्ही समाजांत सारखाच.

तिकडे तो संकेत गेल्या दशकात बऱ्याच अंशी मोडला. मुलाची शाळा, त्याची नोकरी, उपचारकेंद्रांच्या फेऱ्या आणि अखेरीस हेरॉइन वा फेंटानिल हे विषाचे नाव, असे सारे एकाच मजकुरात लिहिण्याचे धैर्य अनेक आईबापांनी दाखविले. यास केवळ भावनेचा उद्रेक म्हणणे चूक होईल. मृत्यूचे कारण लिहिले गेले तरच त्याची गणना होते, आणि ज्याची गणना होत नाही त्यासाठी कोणतेही सरकार अंदाजपत्रकात तरतूद करीत नाही. अ‍ॅन केस व अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञ दाम्पत्याने अमेरिकेतील मध्यमवयीन श्वेतवर्णीयांचे, त्यातही अल्पशिक्षितांचे, वाढते मृत्युमान २०१५ साली निदर्शनास आणून दिले, ते मृत्युनोंदींच्याच आधारे. पुढे २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी त्या देशात अतिसेवनाने प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे मेली.

कारण लिहिले की पुढचा प्रश्न ओघानेच येतो: हे विष घरात आले कोठून? पुष्कळांच्या बाबतीत ते प्रथम डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आले होते. पर्ड्यू फार्मा या कंपनीने ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही अफूजन्य वेदनाशामक गोळी १९९६ साली बाजारात आणली आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका अल्प असल्याचे डॉक्टरांच्या मनावर बिंबविले. २००७ साली कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. सुमारे ६० कोटी डॉलर भरले. कारावास कोणासही झाला नाही. दंड हाही उत्पादनखर्चाचाच एक भाग मानला, की धंदा कसा चालतो याचे हे उदाहरण वर्गात शिकविण्याजोगे आहे. २०१० साली गोळी सहज कुटता येणार नाही अशी केली गेली, तेव्हा व्यसनात अडकलेल्यांपैकी अनेकजण स्वस्त हेरॉइनकडे वळले. त्यामागोमाग फेंटानिल आले. पुरवठ्याची एक वाट बुजविली तरी मागणी तशीच राहते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको; तेथे ते मृत्यूंनी सांगितले.

कंपनीने २०१९ साली दिवाळखोरी जाहीर केली. २०२२ च्या मार्चमध्ये दिवाळखोरी न्यायालयात एक अपूर्व सुनावणी झाली. कंपनीच्या मालक सॅकलर कुटुंबातील तिघांना, दूरस्थ पद्धतीने का होईना, बाधितांचे व मृतांच्या आप्तांचे बोलणे ऐकावे लागले. प्रत्युत्तराची मुभा त्यांना नव्हती. एका मातेने, मुलगा निश्चेष्ट सापडला त्या क्षणी मदतीसाठी केलेल्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रणच न्यायालयास ऐकविले. हिशेबाच्या भाषेत मावत नव्हते ते असे न्यायालयाच्या दफ्तरात दाखल झाले.

हिशेब मात्र सुटला नाही. त्यावेळच्या तडजोडीत व्यक्तिशः बाधितांना साधारणतः साडेतीन हजार ते ४८ हजार डॉलर मिळावयाचे होते, आणि मोबदल्यात सॅकलर कुटुंबास पुढील दाव्यांपासून अभय. आप्तांत येथेच फूट पडली. मुलाच्या नावे मालकांस न्यायासनापुढे खेचता आलेच पाहिजे, असे काहींचे म्हणणे. आहे ते पैसे तरी हाती पडू द्या, अशी इतरांची विनवणी. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे अभय बेकायदा ठरविले. निकाल तत्त्वतः योग्यच होता. पण वर्षानुवर्षे थांबलेल्या आईला तो निव्वळ विजय वाटला असेल, असे म्हणवत नाही.

या उघड शोकाचे फळ अन्यत्र अधिक स्पष्ट दिसते. अफूजन्य पदार्थांनी मंदावलेला श्वास पूर्ववत करणारे नॅलोक्सोन हे औषध सामान्यांच्या हाती असावे, आणि मरणाऱ्याजवळ बसलेल्या सोबत्याने मदत बोलाविली तर त्यास पकडू नये, यासाठी मृतांच्या पालकांनी राज्याराज्यांत कायदे करविले. २०२३ पासून हे औषध तेथे चिठ्ठीविना मिळू लागले. २०२४ मध्ये मृत्यूंची संख्या सुमारे ८० हजारांवर आली. या घटीचे श्रेय एकट्या औषधास देता येणार नाही, तरी त्याचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्राने गर्दची लाट १९८० च्या दशकातच पाहिली. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यास पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी हातभार लावला, आणि अनिल अवचटांच्या लेखणीने व्यसनी माणूस हा रुग्ण आहे हे मराठी मनास पटविले. जिवंत व्यसनीस असे एक अंगण मिळाले. मृताच्या वाट्याला ‘अल्पशा आजारा’चेच शब्द राहिले. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात अफूजन्य पदार्थांचे सेवन करणारे सुमारे २ कोटी २६ लाख आहेत व त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. याउलट राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत अतिसेवनाचे मृत्यू सबंध देशात मिळून काही शेकड्यांच्या घरात दिसतात. या दोन आकड्यांमधील अंतर साऱ्याच मृत्यूंचे नसले, तरी घराघरांत पाळलेल्या मौनाचा त्यात मोठा अंश आहे.

कायदाही या मौनास पोषकच आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४ अ स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार पूर्ण घेणाऱ्या व्यसनीस खटल्यापासून संरक्षण देते. मध्यरात्री त्याला रिक्षात घालून रुग्णालयात आणणाऱ्या मित्राविषयी, जो बहुधा स्वतःही त्याच व्यसनाचा असतो, त्या कलमात एक शब्दही नाही.